पेसमेकर आहे का, हे आधी विचारा

सध्या पोस्टिंग जबलपूरला. गेल्या रविवारी सिग्नल्समधल्या एका निवृत्त सुभेदार साहेबांना घेऊन भेडाघाटला गेलो. धुआंधारच्या कठड्याशी शेजारच्या माणसाचं बोलणंही ऐकू येईना. साहेब कानाशी येऊन ओरडले, "सेटवर असाच खरखराट यायचा!"

परतताना त्यांनी सांगितलं, ते मात्र मला नवीन होतं. साहेबांच्या छातीत पेसमेकर आहे. मध्यंतरी गुडघेदुखीसाठी ते एका दवाखान्यात गेले, तर त्यांना थेट शॉर्टवेव्ह डायथर्मीच्या मशीनजवळ बसवलं. कोणी काही विचारलं नाही. साहेबांनीच हात वर करून सांगितलं, म्हणून निभावलं.

हे मशीन साधारणपणे २७.१२ मेगाहर्ट्झवर चालतं. म्हणजे तो एक ट्रान्समीटरच. संदेशाऐवजी शरीराला शेक देणारा. त्याच्या लहरींना हृदयाचे ठोके समजून पेसमेकर काम थांबवू शकतो. त्याची तार तापून हृदयाला इजा होऊ शकते. जवळच्या ईसीजीवर खोट्या रेषाही उमटू शकतात.

फौजेत फ्रिक्वेन्सी ठरवून दिल्याशिवाय सेट चालू करत नाहीत. मग दवाखान्यात ही शिस्त का नसावी? फिजिओथेरपीच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहा, 'पेसमेकर असल्यास आधी सांगा.' मॉनिटर लावलेल्या रुग्णांपासून मशीन लांब ठेवा. खर्च एका पाटीचा.

आणि माजी सैनिकहो, संकोच करू नका. पेसमेकरचं कार्ड कायम खिशात ठेवा. गुडघा दाखवण्याआधी ते दाखवा.