पोरगं खात नाही म्हणून फळ पाजताय?

आता तालुक्याच्या गावातल्या ज्यूस सेंटरच्या बोर्डावरही 'स्मूदी' आलीय. घरोघरी एकच तक्रार. "पोरगं काही खातच नाही हो! निदान केळ्याचा शेक तरी पितंय." तेवढंच आईबापाला समाधान, की फळ पोटात गेलं.

दिवसभर राबून आल्यावर घास घेऊन पोरामागं दोन तास पळायला वेळ कुणाकडं आहे? त्यामुळं आईबापाला दोष देत नाही. पण हे समाधान कितपत खरं, ते बघू.

घरची स्मूदी वाईट नाही. केळं, दही, थोडं शेंगदाण्याचं कूट, वरून साखर नाही. गाळलेल्या ज्यूसमध्ये चोथा जातो, इथं तो राहतो. पण मिक्सरमध्ये फळातली साखर मोकळी होते आणि जे पोरगं एक केळं अर्धं टाकतं, ते दोन केळी दोन मिनिटांत पिऊन मोकळं होतं. म्हणूनच ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा सांगते की ज्यूस आणि स्मूदी मिळून दिवसाला १५० मिलीपेक्षा जास्त नको, तेही जेवणासोबत. १५० मिली म्हणजे छोटा ग्लास. ज्यूस सेंटरचा ग्लास डोळ्यांसमोर आणा. त्यात साखर, वर आईस्क्रीम.

जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली आणि ज्यूसमधली साखर रोजच्या उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत हवी, ५ टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम. १२०० कॅलरी लागणाऱ्या लहान पोरासाठी ५ टक्के म्हणजे १५ ग्रॅम. तीन-चार चमचे! एका शेकमध्ये तेवढी सहज जाते.

पण माझी खरी काळजी साखरेची नाही, भुकेची आहे. संध्याकाळी दूध-केळं पिऊन पोट भरलं की रात्री भाकरी, डाळ, मेथी नको. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) सांगतं की देशात पाच वर्षांखालच्या ६७ टक्के मुलांमध्ये रक्त कमी आहे. दुधात लोह जवळजवळ नसतं, केळ्यात नावापुरतं. दूध जास्त झालं तर जेवणातलं लोहही अंगी कमी लागतं. म्हणजे पोरगं गुटगुटीत दिसतं आणि आतून पांढरं.

शिवाय चावणं शिकायचं कधी? नवा पदार्थ मुलाला आवडायला तो दहा-पंधरा वेळा ताटात यावा लागतो. पहिल्या दोन नकारांनंतर आपण मिक्सर लावला, तर तो पदार्थ त्याच्या ओळखीचा कधी होणारच नाही. पेरूची फोड, बोरं, संत्र्याची पाकळी हातात द्या. टाकू दे. उद्या परत द्या. (तीन-चार वर्षांपर्यंत बिया काढून, लहान तुकडे करून.)

आणि पाकिटातलं? नियमाप्रमाणे 'फ्रूट ड्रिंक' म्हणवायला बहुतेक फळांचा फक्त १० टक्के रस पुरतो. बाकी मुख्यतः पाणी आणि साखर. दाट रसात पाणी घालून बनवलेल्या ज्यूसवर '१०० टक्के फळांचा रस' लिहू नका, असं एफएसएसएआयला जून २०२४ मध्ये कंपन्यांना सांगावं लागलं. तोवर किती आयांनी भरवशानं ते डबे घेतले असतील?

म्हणून हा प्रश्न एकट्या आईचा नाही. साखरेचा आकडा पाकिटाच्या पाठीवर बारीक अक्षरात कशाला? पुढं, मोठ्या अक्षरात, मराठीत छापा. सीबीएसईनं २०२५ मध्ये आपल्या शाळांना 'शुगर बोर्ड' लावायला सांगितलं. तसा फलक प्रत्येक झेडपी शाळेत आणि अंगणवाडीत दिसला पाहिजे. आणि पोषण आहारात पोराच्या हातात आख्खं फळ पडलं पाहिजे. ग्रामसभेत, पालकसभेत हे विचारा. गटारीवर बोलतो, तसं पोरांच्या ताटावरही बोला.

स्मूदी कधीमधी जरूर द्या. पण जेवणाबरोबर, जेवणाच्या बदल्यात नको.

तुमच्या गावात शाळेच्या गेटसमोर काय विकलं जातं? कमेंटमध्ये लिहा.