पोशाख : रूपक की आदेश?

पोशाख दिसला की त्याला रूपक म्हणायचे, अशी सोयीची सवय वसाहतोत्तर समीक्षेने आपल्या वर्गांना लावली आहे. साहेबी कोट म्हणजे अनुकरण, आणि अनुकरण म्हणजे सत्तेला दिलेला छुपा शह! होमी भाभा यांच्या ‘द लोकेशन ऑफ कल्चर’ (१९९४) या ग्रंथाच्या आधारे लिहिलेले असे निबंध आपणा सर्वांच्या परिचयाचे आहेत. दोष भाभांपेक्षा त्या सवयीचा अधिक आहे, आणि तिला आमचा विरोध आहे.

पिनांग, मलाक्का व सिंगापूर येथे जन्मलेले चिनी वंशाचे लोक जन्माने ब्रिटिश प्रजाजन होते. १८४३ च्या तहानुसार चीनमध्ये गुन्हा करणाऱ्या ब्रिटिश प्रजाजनाचा न्याय ब्रिटिशांनीच करावयाचा होता. व्यापारासाठी अमॉय बंदरात गेलेल्या या मंडळींनी साहजिकच त्या संरक्षणावर हक्क सांगितला. चिनी अधिकाऱ्यांच्या लेखी मात्र चिनी बापाचा मुलगा चिनीच होता.

१८५० साली जिब्राल्टरच्या डॉन पॅसिफिकोला अथेन्समधील लुटीची भरपाई मिळावी म्हणून पामर्स्टनने आरमार धाडले आणि ब्रिटिश प्रजाजनाला रोमन नागरिकाच्या पंक्तीस बसवले. पुढच्याच वर्षी सिंगापूरमध्ये जन्मलेला एक ब्रिटिश प्रजाजन अमॉयमध्ये चिनी अधिकाऱ्यांच्या कोठडीत मरण पावला. ब्रिटिश वकिलातीने निषेध केला. आरमार काही आले नाही.

१८६८ मध्ये पेकिंगमधील ब्रिटिश राजदूत सर रदरफर्ड ऑलकॉक यांनी तोडगा काढला. चिनी वंशाच्या ब्रिटिश प्रजाजनांनी चीनमध्ये राहताना चिनी पोशाख टाकावा आणि स्थानिकांहून वेगळे ओळखू येईल असे काही ल्यावे. एरवी संरक्षणाची अपेक्षा धरू नये. जन्माने मिळालेला हक्क अशा रीतीने शिंप्याच्या हाती गेला. गोऱ्या प्रजाजनाला मात्र अशी कोणतीच अट नव्हती.

यावर कोणी म्हणेल, की यांतले काही व्यापारी दुटप्पी होते. सोयीनुसार चिनी, सोयीनुसार ब्रिटिश. असतील. परंतु दुटप्पीपणाची शिक्षा दुटप्प्याला द्यावी, वंशाला नव्हे. आणि ज्या साम्राज्याने प्रजाजनत्व जन्मावर ठरवून संरक्षण वेशावर ठरवले, त्याच्याहून अधिक दुटप्पी कोण?

लिम बून केंग यांनी १८९९ मध्ये ‘स्ट्रेट्स चायनीज मॅगझिन’मध्ये चिनी पुरुषांच्या वेणीच्या प्रश्नावर लिहिले. तो लेख आपण ‘आधुनिक अस्मिते’च्या कप्प्यात टाकून मोकळे होतो. त्याच्या शेजारी ऑलकॉकचा आदेश ठेवून पाहा. जो बदल एकीकडे सुधारणा म्हणून मांडला जात होता, तोच दुसरीकडे संरक्षणाची किंमत म्हणून वसूल होत होता. हा फरक न पाहणारे वाचन चतुर असेल, न्याय्य नव्हे.

संकराचे गोडवे जरूर गावेत. पण वेश बदलणाऱ्याला तो न बदलण्याची मुभा होती काय, हे विचारल्याशिवाय कोणत्याही कोटाला बंड म्हणू नये, एवढीच आमची मागणी आहे.