खोडाभोवतीची माती



व्यापाऱ्याला मालाची पारख असते, असे आपण अभिमानाने म्हणतो आणि ते बहुतांशी खरेही असते. तांदूळ नवा की जुना, हे आपण चिमटीत घेऊन सांगतो. पोत्यात सळई खुपसून आतला नमुना बाहेर काढतो. परंतु ज्या झाडाच्या सावलीत आपले गिऱ्हाईक वर्षानुवर्षे उभे राहिले, त्या झाडाची प्रकृती कशी आहे, हे मात्र आपल्याला सांगता येत नाही. या अज्ञानातून माझ्या हातून एक चूक घडली आणि दुसरी घडता घडता राहिली. या वेळी त्याविषयीच लिहितो.

महाडमध्ये आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक रायवळ आंबा आहे. वडिलांनी दुकान थाटले तेव्हा तो त्यांच्या खांद्याएवढा होता, असे ते सांगत. म्हणजे आज तो साठीच्या पुढचा. गेली दोन-तीन वर्षे त्याचा शेंडा वाळत चालला होता आणि एक सुकी फांदी आमच्या पत्र्यांवर झुकली होती. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात जिल्ह्यात उन्मळून पडलेली झाडे सर्वांनी पाहिली होती. तेव्हा ‘झाड धोकादायक आहे, तोडण्याची परवानगी मिळावी’ असा अर्ज गल्लीतील दुकानदारांनी तयार केला. त्यावरची पहिली सही माझी होती.

अर्ज पाठवण्यापूर्वी दिवाळी आली आणि दिवाळीला माझी भाची आली. ती दुसऱ्या एका लहान शहरात नुकतीच रचना सहायक म्हणून रुजू झाली आहे. ती म्हणाली, “मामा, नकाशावर झाड म्हणजे एक हिरवा ठिपका. रस्ता रुंद करायचा, गटार काढायचे, इमारत उभी राहायची, प्रत्येक कागदावर तो ठिपका मध्ये येतो. आणि त्याच्याखाली जमिनीत काय चालले आहे, हे मला ठाऊक नाही. न कळता शेरा लिहायचा कसा?” मला तिचे कौतुक वाटले. सही करताना हा प्रश्न माझ्या मनात आलाच नव्हता.

पोलादपूरला आमच्या परिचयाचे एक सेवानिवृत्त वनरक्षक राहतात. भाऊबीज उरकून आम्ही दोघे एसटीने त्यांच्याकडे गेलो. महाबळेश्वरला उगम पावलेली सावित्री घाट उतरून पोलादपुरावरून महाडकडे येते. तिच्या काठाने त्यांनी आम्हांला दिवसभर हिंडवले. मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली साल दिसली की तो ऐन, हे मी साठाव्या वर्षी शिकलो. काठ धरून ठेवणारी करंज, जांभूळ, उंबर ही आपली झाडे आणि मादागास्करहून आलेला, ठिसूळ फांद्यांचा गुलमोहर यांतील भेद त्यांनी समजावला. मुळे वरच्या थरातील माती बांधून ठेवतात. परंतु तळातूनच डोंगर सुटला तर झाडेही त्याच्याबरोबर खाली येतात, हेही त्यांनी स्पष्ट सांगितले. २२ जुलै २०२१ ला तळियेची दरड पाहिलेल्या आपल्या तालुक्यात हे सांगणे आवश्यक आहे. झाडे लावली म्हणजे वस्तीच्या जागेचा प्रश्न सुटला, असे मानून चालणार नाही.

मग झाडाची निगा. आपण समजतो की मुळे खोल पाताळात जातात. प्रत्यक्षात अन्नपाणी शोषणारी बारीक मुळे बहुतांशी वरच्या हात-दीड हात मातीतच असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेरही पसरतात. त्यांना पाण्याइतकीच हवाही लागते. फांदी कापायची तर ती खोडाला मिळते तेथे एक फुगीर कडे असते, त्याच्या किंचित बाहेर कापावी. फांदी जड असेल तर आधी खालून थोडा काप घ्यावा, म्हणजे ती तुटताना खोडाची साल सोलून नेत नाही. अमेरिकेच्या वनसेवेतील संशोधक अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो झाडे उभी चिरून दाखवून दिले की झाडाची जखम आपल्या कातडीसारखी भरून येत नाही. झाड त्या भागाभोवती भिंत घालून कुजणे आतच रोखते. ते कडे कापले तर ती भिंत दुबळी पडते, आणि वर डांबर फासल्याने काहीही साधत नाही.

भाचीने कायद्याची बाजू सांगितली. शहरांतील झाडांसाठी आपल्या राज्यात १९७५ चा वृक्ष संरक्षण व जतन कायदा आहे. झाड तोडण्याचा अर्ज आला की पाहणी करून त्याची सूचना त्या झाडावर लावावी लागते, म्हणजे कोणालाही हरकत घेता येते. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे वा त्याहून जुने झाड वारसा वृक्ष ठरले, आणि झाड तोडल्यास त्याच्या वयाइतकी झाडे लावण्याचे बंधन आले. आमच्या एका आंब्यापायी साठाहून अधिक झाडे! ती लावायची कोठे आणि सांभाळायची कोणी, हा हिशेब आमच्या अर्जात कोठेच नव्हता.

सायंकाळी परतल्यावर भाची आंब्यापाशी बसली आणि तिने विचारले, “मामा, याचा बुंधा कोठे आहे?” मला प्रश्न कळेना. निरोगी झाडाचे खोड जमिनीशी येताना रुंदावते, मुळांचे खांदे वर दिसतात. आमचा आंबा मात्र विजेच्या खांबासारखा सरळ फरशीत घुसला होता. ते पाहताच मला सारे आठवले. २२ जुलै २०२१ च्या महापुरात बाजारात गाळ भरला. दुकानांतील गाळ आम्ही घमेल्यांनी बाहेर काढला आणि तात्पुरता म्हणून झाडाभोवती ओतला. पुढे तो उचलण्याऐवजी सपाट केला आणि त्यावर पेव्हर ब्लॉक बसवले. ती सूचना माझीच होती. झाड वाळू लागले ते त्यानंतर. पुराने दिलेला गाळ आम्ही आमच्या दुकानातून काढला आणि त्याच्या गळ्याशी नेऊन बांधला. आणि तेच झाड धोकादायक म्हणून तोडायला निघालो.

आपल्या पूर्वाचार्यांनी वनस्पतीला एकेंद्रिय जीव मानले आणि श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत वनकर्माची गणना केली. मी लाकडाचा व्यापार कधी केला नाही, म्हणून त्या दोषापासून दूर आहे, असे मला वाटत होते. कुऱ्हाड न उचलताही झाड मारता येते, हे त्या संध्याकाळी कळले.

अर्ज मागे घेण्यास सर्व जण लगेच तयार झाले नाहीत. “फांदी पडून कोणाचा जीव गेला तर?” हा शेजाऱ्यांचा प्रश्न रास्त होता. भाचीने तो टाळला नाही. नेमका कोणता भाग कमकुवत आहे, तो कोणावर पडेल, आणि तोडण्यापेक्षा कमी उपायाने भागेल का, या तीन प्रश्नांनी तिने आम्हांला विचार करायला लावले. अखेर नवा अर्ज गेला: सुकी फांदी काढणे आणि फरशी उचलणे. परवानगी मिळाल्यावर पेव्हर ब्लॉक निघाले. कुदळ न लावता खुरप्याने माती उकरली. वीतभर खाली मुळांचे खांदे दिसले. एका बाजूची साल कुजली होती, दुसऱ्या बाजूची शाबूत होती.

आंबा वाचेल, असे छातीठोकपणे कोणी सांगत नाही. दोन पावसाळे वाट पाहावी लागेल. एका शेजाऱ्याला आमचा निर्णय अजूनही मान्य नाही आणि तो त्याचा अधिकार आहे.

वाचकहो, उद्या दुकान उघडण्यापूर्वी समोरच्या झाडाच्या खोडाकडे एकदा पाहा. ते जमिनीशी रुंदावते का? भोवती निदान हातभर मोकळी माती आहे का? नसेल, तर नगरपालिकेला लिहायच्या अर्जात प्रथम ती मागा.