हक्क तुमचे, ओझं आमचं?

गेल्या श्रावणात पुण्यातल्या एका वाड्यात गेलो होतो. आजोबा जाऊन दोन महिने झालेले, वाडा बिल्डरकडे चाललेला. माळ्यावरून उतरवलेल्या तीन पेट्यांत अठ्ठ्याहत्तरच्या रेकॉर्डी. कागदी पाकिटं ओल धरून तबकड्यांना चिकटलेली. वरची उचलली तर हातात निम्मीच आली. लाखेची रेकॉर्ड वाकत नाही, काचेसारखी तडकते. नातू म्हणाला, "काका, रविवारी भंगारवाला येणार आहे, हवं ते घेऊन जा." त्या पोराला मी दोष देणार नाही. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये त्याने त्या पेट्या ठेवायच्या कुठे?

दोष आहे तो ज्यांनी त्या रेकॉर्डी विकून पैसा केला त्यांचा. मागे एका तबकडीसाठी मी हक्कदार कंपनीला पत्र लिहिलं. उत्तर आलं : मूळ मुद्रण उपलब्ध नाही, मात्र परवानगीशिवाय वापर केल्यास कारवाई होईल. म्हणजे वस्तू हरवली तरी मालकी शाबूत! हा निलाजरेपणा आहे, आणि कायदा त्याला संरक्षण देतो. आपल्या कॉपीराइट कायद्याने ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं राखून दिला आहे. त्या ६० वर्षांत मूळ मुद्रण नीट ठेवा, असं बंधन मात्र त्यात नाही.

पुस्तकाचं तसं नाही. १९५४ च्या कायद्याने प्रकाशकाला प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना द्यावी लागते. पुढे त्यात वर्तमानपत्रंही आली. ध्वनिमुद्रिकेचं नाव त्यात नाही. चार पानी पाक्षिक जपण्याची तरतूद आहे, पण जिच्यावर एखाद्या गायकाची अख्खी गायकी उरली आहे ती तबकडी वाऱ्यावर.

१९०२ साली कलकत्त्यात गौहरजानचं गाणं मुद्रित झालं. शेवटी बाई इंग्रजीत स्वतःचं नाव सांगतात, कारण तबकड्या जर्मनीत छापल्या जायच्या आणि तिथल्या कारागिराला गाणारी कोण ते कळायला हवं. छापताना चूक होऊ नये म्हणून एवढी काळजी, आणि विकून झाल्यावर काहीच नाही. भास्करबुवा बखले १९२२ साली गेले. त्यांचं गाणं आज ऐकायला मिळत नाही, तो काळच तसा होता म्हणून हळहळून गप्प बसतो. पण जे मुद्रित झालं, हजारो घरांत वाजलं, तेही गमवायचं?

"यूट्यूबवर आहे की सगळं," असं मला सुशिक्षित माणसं तोंडावर सांगतात. काय आहे तिथे? कुणीतरी खरखर काढण्याच्या नादात गळ्याची धारही काढून टाकलेली, राग चुकीचा, साथीदारांची नावं गायब, तबकडीवर कोरलेला मुद्रण क्रमांक दिलेलाच नाही. उद्या ते खातं बंद पडलं की तेही गेलं.

आणि सगळ्यात चीड येते ती "रसिकांनी ठेवा जपला" या कौतुकाची. होय, जपला. १९९० पासून मुंबईतली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स आणि गावोगावचे संग्राहक पदरमोड करून हे करत आले. शाल-नारळ देऊन त्यांच्या गळ्यात ही जबाबदारी कायमची बांधणं ही सरकारची आणि कंपन्यांची पळवाट आहे. पुण्यात चित्रपट संग्रहालय १९६४ साली उभं राहिलं. तोवर 'आलम आरा'ला तेहतीस वर्षं झाली होती. आज त्या पहिल्या बोलपटाची एकही प्रत नाही. एवढा धडा मिळूनही गाण्याच्या बाबतीत आपण हललो नाही.

मला हवं आहे ते साधं आहे. हक्क सांगायचा असेल तर मूळ मुद्रणाची उत्तम प्रत, सगळ्या नोंदींसह, सार्वजनिक संग्रहात जमा करा. नसेल जमत तर हक्क सोडा. ज्यांच्याकडे तबकडी आहे त्यांना ती खुशाल उतरवून वाटू द्या. आणि संग्रह ठेवण्याचा खर्च सरकारने करावा, दरवर्षी, अर्थसंकल्पात लिहून.

वाड्यातल्या त्या पेट्या मी शनिवारीच रिक्षात घालून आणल्या. शहाऐंशी तबकड्या धड निघाल्या. पुसून, नवी पाकिटं घालून उभ्या लावल्यात. माझं वय एकाहत्तर आहे, आणि माझ्या मुलाचा फ्लॅटही दोन खोल्यांचाच आहे.