कुत्र्याने कोय गिळली, आता काय?

गाईच्या पोटात खिळा किंवा तार गेली तर ती जाळीपोटात अडकते आणि पुढे काळजाला टोचते, हे आपल्याकडे पुष्कळांना माहीत आहे. वैरणीत तारेचा तुकडा दिसला की जुनी माणसे तो उचलून खिशात टाकतात. कुत्र्याबद्दल मात्र आपली समजूत अशी की, त्याला दगडसुद्धा पचतो. ही समजूत साफ खोटी आहे. तिच्यापायी वस्तीवरची चांगली राखणीची कुत्री हातची जातात, आणि मग चोरी झाली म्हणजे त्यांची आठवण येते.

कुत्र्याला ४२ दात असतात, पण ते चावून बारीक करण्यासाठी नव्हेत. फाडायचे आणि गिळायचे, ही त्याची जात. वस्तूला मटणाचा किंवा तुपाचा वास लागला की पुरे. रश्श्याची पिशवी, तूप पुसलेले फडके, पोराचा पायमोजा, सगळे सारखेच. पिल्लांचे दात साधारण चौथ्या ते सातव्या महिन्यात बदलतात. त्या काळात हिरड्या शिवशिवतात म्हणून ती दिसेल ते चावतात. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. कुत्र्याने काही तोंडात धरले की आपण ओरडत मागे धावतो, आणि हिसकावून घेतील या भीतीने ते गिळून मोकळे होते. त्यापेक्षा शांतपणे भाकरीचा तुकडा पुढे करावा. बहुतेक कुत्री तोंडातले टाकून भाकरी घेतात.

आपल्या घरी सर्वांत धोक्याच्या दोन वस्तू म्हणजे आंब्याची कोय आणि दाणे काढून उरलेले मक्याचे कणीस. दोन्ही पचत नाहीत, दोन्ही अन्ननळीतून उतरतात, पण पुढे अरुंद आतड्यात अडकून बसतात. कधी कधी कोय पोटातच काही दिवस पडून राहते, कुत्रे बरे दिसते, आणि आठवड्याने एकदम ओकाऱ्या सुरू होतात. तोवर आपण कोय विसरलेलो असतो.

सुई-दोऱ्याचे दुखणे याहून वाईट. उन्हाळ्यात अंगणात गोधडी शिवताना सुई वाकळेत टोचून बाई पाणी प्यायला उठते, तेवढ्यात कुत्रे दोऱ्याशी खेळता खेळता सुईसकट गिळते. एका वस्तीवर असेच झाले. दोन दिवसांनी कुत्र्याच्या शेपटीखाली दोऱ्याचे टोक दिसले आणि घरच्या पोराने ते धरून ओढले. कुत्रे वाचले नाही. नाडी ओढली की नेफ्याच्या चुण्या होतात ना, तसे आतडे दोऱ्यावर गोळा होते, आणि ओढल्यावर दोरा आतड्याला करवतीसारखा कापतो. टोक तोंडातून दिसो की मागून, ओढू नये. तसेच गाडीत घालून दवाखान्यात न्यावे.

वारंवार ओकारी, खाणे बंद, पोटाला हात लावू न देणे, पाठ कमानीसारखी करून उभे राहणे, नुसते कुंथणे, ही अडकल्याची लक्षणे. यातले काही दिसले तर उद्यावर ढकलू नका. आणि घरगुती उपाय करू नका. मिठाचे पाणी पाजून ओकवण्याची चाल गावोगाव आहे; जास्त मिठानेच कुत्रे दगावू शकते. टोकदार वस्तू वर येताना घशाला फाडते. रॉकेल किंवा ॲसिड ओकताना पुन्हा भाजते. अडथळा असताना एरंडेल दिले तर आतडे फाटण्याची भीती. गिळून फार वेळ झाला नसेल तर ओकवायचे की नाही ते पशुवैद्य ठरवतील. त्यांना काय गिळले, केव्हा गिळले ते सांगा, तशीच दुसरी वस्तू असेल तर सोबत न्या. एक्स-रेमध्ये धातू आणि हाड दिसते. कापड, प्लॅस्टिक सहसा दिसत नाही, म्हणून तुमची माहिती मोलाची.

एक गोष्ट सर्वांत महत्त्वाची. कुत्र्याचा जबडा लोंबतो, लाळ गळते, गिळता येत नाही, तेव्हा घरचे म्हणतात, "घशात हाड अडकलंय," आणि हात घालून बघतात. पिसाळलेले कुत्रेही असेच दिसते. हात घालू नका. लाळ जखमेला किंवा खरचटलेल्या जागी लागली असेल तर साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस सुरू करा. पिसाळ रोग एकदा अंगात उमटला की औषध नाही.

उंदरांसाठी ठेवलेली झिंक फॉस्फाईडची काळी गोळी कुत्र्याने खाल्ली तर दूध-भाकरी देऊन विष उतरवायला जाऊ नका. अन्नाने पोटातला आम्ल रस वाढतो आणि विषारी वायू जास्त तयार होतो. ओकारीतूनही तो वायू निघतो, म्हणून कुत्र्याला उघड्यावर ठेवा, तोंडाजवळ वाकू नका, लगेच डॉक्टर गाठा. मेलेले उंदीर खोल पुरा.

बाकी काम घरातल्या घरात होण्यासारखे आहे. गोधडी शिवून झाली की सुया मोजून डबीत टाकाव्यात. मटणाच्या पिशव्या उकिरड्यावर फेकू नयेत. कणसे मळणीनंतर उघड्यावर न ठेवता कुडात किंवा पोत्यात भरून ठेवावीत, चुलीला उपयोगी पडतात. रसाच्या दिवशी कोयींची टोपली उंचावर टांगावी. रोपे करायची असतील तर कोयी वाळू देऊ नका, उगवण कमी होते; ताज्याच वाफ्यात पुरा आणि वर काटेरी फांद्या टाका, म्हणजे कुत्रे उकरणार नाही.