न भ्यालेले तिकीट

अमेरिकेतील ‘ब्रीडर्स कप’ या घोड्यांच्या शर्यती २००२ साली २६ ऑक्टोबरला शिकागोजवळच्या आर्लिंग्टन पार्कमध्ये झाल्या. त्या दिवशीच्या ‘पिक सिक्स’ या पूलमध्ये लागोपाठच्या सहा शर्यतींचे सहाही विजेते बरोबर लिहिणारी एकूण सहाच तिकिटे निघाली आणि ती सहाही एकाच माणसाची होती. त्याने न्यूयॉर्क राज्यातील एका केंद्राकडे फोनवरून ११५२ डॉलर लावले होते. त्याला तीस लाख डॉलरांहून अधिक रक्कम मिळायची होती. ती मिळाली नाही. पैसे हाती पडण्याआधी लोकांनी ते तिकीट वाचले, आणि ज्यांना असली तिकिटे वाचायची सवय होती त्यांना ते खोटे वाटले.

इथे ‘वाचले’ हे क्रियापद मी जाणीवपूर्वक वापरतो आहे. त्या तिकिटात खाडाखोड नव्हती, बनावट सही नव्हती, शाई वा कागद यांचा तर प्रश्नच नव्हता. होती ती फक्त रचना. पाठचिकित्सा शिकवताना आपण प्रक्षिप्त ओवी ओळखायच्या ज्या खुणा सांगतो, त्यांतली शेवटची आणि सर्वांत निसरडी खूण हीच असते: हे या लेखकाने असे लिहिले नसते. त्या दिवशी पंटर मंडळींनी नेमके हेच म्हटले. कुठलाही खरा खेळणारा असे तिकीट लिहिणार नाही.

ते तिकीट असे होते. पहिल्या चार शर्यतींत प्रत्येकी एकच घोडा. पाचव्या शर्यतीत धावणारे आठही घोडे. सहाव्या शर्यतीत धावणारे बाराही घोडे. एक गुणिले एक गुणिले एक गुणिले एक गुणिले आठ गुणिले बारा, म्हणजे ९६ जोडण्या. प्रत्येक जोडणीवर किमान दोन डॉलर लावायचे असताना या गृहस्थाने बारा डॉलर लावले होते, म्हणून ११५२. या आकड्यांत काय खटकते हे कळायचे तर खरे तिकीट कसे लिहितात ते आधी पाहायला हवे.

अनेक शर्यतींच्या पूलमधली मूळ अडचण गुणाकाराची आहे. प्रत्येक शर्यतीत तीन घोडे घेऊ, असे नवखा माणूस म्हणतो. तीनचा सहावा घात ७२९. दोन डॉलरच्या हिशेबाने १४५८ डॉलर. इतके देऊनही त्याने काहीच म्हटलेले नसते. सहाही शर्यतींबद्दल सारखाच संशय बाळगणे म्हणजे संशय न बाळगण्याइतकेच आळशीपणाचे आहे. (आपल्याकडील बरीचशी ग्रंथपरीक्षणे याच पद्धतीने लिहिली जातात: प्रत्येक पुस्तकाला थोडी स्तुती, थोडी नाराजी, कुठेच ठाम काही नाही.) जाणता खेळणारा संशयाचे वाटप करतो. एखाद्या शर्यतीत तो एकाच घोड्यावर भिस्त ठेवतो. आपल्याकडचे पंटर त्याला ‘बँकर’ म्हणतात. तिथे वाचलेले पैसे तो ज्या शर्यतीत त्याला काहीच उमगत नाही तिथे पाच-सहा घोडे घेण्यात घालतो.

यापुढची पायरी अधिक सूक्ष्म आहे. स्टीव्हन क्रिस्ट या अमेरिकन रेसिंग पत्रकाराने २००६ साली ‘एक्झॉटिक बेटिंग’ नावाचे पुस्तक लिहिले; पसंतीची प्रतवारी करून एकाऐवजी अनेक तिकिटे लिहिण्याची पद्धत तो मांडतो. समजा, सहा शर्यतींत आपल्या अव्वल पसंतीचे घोडे अनुक्रमे एक, दोन, एक, दोन, दोन, दोन असे आहेत, आणि प्रत्येक शर्यतीत दुय्यम पसंतीचे आणखी दोन आहेत. सगळे एकाच तिकिटावर कोंबले तर २३०४ जोडण्या होतात, म्हणजे ४६०८ डॉलर. सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर. त्याऐवजी मुख्य तिकिटावर फक्त अव्वल घोडे घ्यायचे: १६ जोडण्या. मग आणखी सहा तिकिटे लिहायची. त्यांतल्या प्रत्येकावर एका शर्यतीत दुय्यम घोडे आणि उरलेल्या पाचांत अव्वल घोडे. या सहांच्या मिळून १२८ जोडण्या होतात. सगळे धरून १४४ जोडण्या, २८८ डॉलर. या सात तिकिटांनी खेळणारा जे म्हणतो ते फार माणसासारखे आहे: माझे एकदा चुकेल हे मी धरून चाललो आहे, कुठे चुकेल ते मला ठाऊक नाही, दोनदा चुकलो तर मात्र मी हरलो. आपल्या चुकीला मोजून दिलेली एवढी सवलत मी दुसऱ्या कुठल्या लेखनप्रकारात पाहिलेली नाही.

आणखी एक गोष्ट. टोटवर पैसे लावणारा क्लबविरुद्ध खेळत नसतो आणि घोड्याविरुद्ध तर नसतोच. सगळ्यांचे पैसे एका पूलमध्ये जातात, आयोजकांचा व सरकारचा वाटा त्यातून कापला जातो, उरलेले जिंकणाऱ्यांत विभागले जातात. म्हणजे प्रतिस्पर्धी आहेत ते इतर पंटर. सर्वांना पसंत असलेले सहा फेव्हरिट निवडून सहाही जिंकले तरी हाती फारसे पडत नाही, कारण वाटेकरी भरपूर असतात. म्हणून तिकीट लिहिताना खरा प्रश्न ‘कोण जिंकेल’ हा नसून ‘गर्दी कुठे चुकते आहे आणि कुठे मीही तिच्याइतकाच आंधळा आहे’ हा असतो. या दोन जागा वेगळ्या ओळखता येणे, यातच सगळे कसब आले.

आता ते ९६ जोडण्यांचे तिकीट पुन्हा वाचू. त्यात एकच घोडा घेतलेली पहिली शर्यत होती ‘माइल’. तिथे रॉक ऑफ जिब्राल्टर हा लागोपाठ सात अव्वल दर्जाच्या शर्यती जिंकून आलेला घोडा मोठा फेव्हरिट होता. तिकिटावर त्याचे नाव नव्हते. होते डोमड्रायव्हरचे, ज्याचा भाव एकास सव्वीस होता. तो जिंकला. तिसऱ्या शर्यतीतली एकमेव निवड असलेली स्टारिन ही घोडीही एकास तेराच्या भावाची. जो माणूस अशा दोन ठिकाणी इतका निःशंक आहे, तो पाचव्या शर्यतीत, जिथे हाय चॅपरल हा उघड फेव्हरिट होता आणि जिंकलाही, तिथे एकाएकी आठही घोडे घेतो. जिथे सारे जग साशंक तिथे हा निःशंक; जिथे साऱ्या जगाला खात्री तिथे याला काहीच सुचत नाही. वर प्रत्येक जोडणीवर सहापट पैसे. ज्याच्याजवळ ११५२ डॉलर आहेत असा कुणीही ते सहापट लावण्याऐवजी पहिल्या चार शर्यतींत एखाददुसरा घोडा वाढवून घेईल. भीती नावाची गोष्ट असते, आणि ती तिकिटावर उमटते. या तिकिटात पहिल्या चार शर्यतींपुरती भीती औषधालाही नव्हती.

ती नव्हती, कारण त्या चार शर्यती होऊन गेल्या होत्या. टोटची संगणकयंत्रणा पुरवणाऱ्या कंपनीतला एक प्रोग्रॅमर त्या खेळणाऱ्याचा कॉलेजातला मित्र होता. दूरच्या केंद्रांवर लावलेल्या अशा तिकिटांचा तपशील चौथी शर्यत संपेपर्यंत मुख्य यंत्रणेकडे जातच नसे. तेवढ्या अवधीत त्याने तिकीट उघडून चारही विजेत्यांची नावे आत भरली. उरलेल्या दोन शर्यतींचे भविष्य त्यालाही ठाऊक नव्हते, म्हणून तिथे सगळेच घोडे. दोघांनी आणि त्यांच्या तिसऱ्या मित्राने गुन्हा कबूल केला. २००३ साली तिघांना तुरुंगवासाच्या शिक्षा झाल्या. अडवलेली रक्कम सहापैकी पाच विजेते बरोबर लिहिलेल्या इतर खेळणाऱ्यांत वाटली गेली. म्हणजे ज्यांनी खरोखर घाबरत तिकिटे लिहिली होती, त्यांच्यात.

मराठी वाचकाला या साऱ्यात रस का वाटावा? आपल्याकडे शर्यतीवर पैसे लावणे म्हटले की मन थेट द्यूतसभेकडे जाते. युधिष्ठिर, पणाला लावलेले राज्य, भाऊ, द्रौपदी. ‘पणाला लावणे’ हा आपला रोजचा वाक्प्रचार त्याच सभेची आठवण करून देतो. नैतिक धडा म्हणून ते ठीकच आहे, आणि रेसपायी मोडलेली घरे खोटी नाहीत. अशा घरांतली मुले माझ्या वर्गात बसलेली आहेत. पण त्याच महाभारताच्या वनपर्वात दुसरा एक प्रसंग आहे, तो आपण नलदमयंतीच्या प्रेमकथेत गुंडाळून विसरतो. ऋतुपर्ण राजा रथातून जाताना बेहड्याच्या झाडाची पाने आणि फळे उभ्या उभ्या मोजून सांगतो. सारथ्याच्या वेषातला नल ती पडताळून पाहतो आणि ती बरोबर निघतात. मग दोघे विद्यांची अदलाबदल करतात. ऋतुपर्ण अक्षहृदय, म्हणजे फाशांचे मर्म, देतो. नल अश्वहृदय, घोड्यांचे मर्म, देऊ करतो. जुगारात सर्वस्व गमावलेला नल खेळाची निंदा करून मुक्त होत नाही, तो मोजायला शिकून मुक्त होतो. घोडा आणि गणित यांची सांगड आपल्या परंपरेत इतकी जुनी असताना मराठी गद्याने रेसकोर्सकडे पाहिले ते बहुतेक वेळा मोडलेल्या घराच्या खिडकीतूनच.

आपल्या कायद्याने मात्र ऋतुपर्णाची बाजू घेतली होती. के. आर. लक्ष्मणन विरुद्ध तामिळनाडू राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली घोड्यांच्या शर्यती हा प्रामुख्याने नैपुण्याचा खेळ आहे, असा निर्णय दिला. मुंबईत महालक्ष्मीला आणि पुण्यात जो पाच शर्यतींचा जॅकपॉट खेळला जातो त्याच्या मुळाशी वर सांगितलेलीच विद्या आहे, शर्यत एकाने कमी इतकेच. पण लावलेल्या संपूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी आला आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. लॉटरीला लावला तोच दर. गर्दीपेक्षा थोडे बरे वाचणाऱ्याला मिळणारी आघाडी काही टक्क्यांची असते, ती या दरात कुठल्या कुठे वाहून जाते. न्यायालयाने ज्या नैपुण्यासाठी या खेळाला जुगारापासून वेगळे काढले, ते नैपुण्य आता वापरून उपयोग नाही. उरतो तो एखादा अचाट लाभांश लागण्याचा योग, म्हणजे लॉटरीच. शिवाय बेकायदा बुकी हा कर घेत नाही. ज्यांना हा खेळ बंदच व्हावा असे वाटते त्यांनी तसे स्पष्ट म्हणावे, त्यात निदान युधिष्ठिराच्या कथेचा प्रामाणिकपणा असेल. खेळ ठेवायचा आणि त्यातली विद्या तेवढी मारायची, हे धोरण मला तरी कळत नाही.

आर्लिंग्टनच्या त्या सहाव्या शर्यतीत व्होल्पोनी नावाचा घोडा जिंकला. बारा घोड्यांत सर्वांत उपेक्षित, भाव एकास साडेत्रेचाळीस. बाराही घोडे घेतलेले असल्यामुळे तो त्या तिकिटावर होताच, आणि बाकी कुणाच्याच पूर्ण तिकिटावर नव्हता. एखादा फेव्हरिट पुढे आला असता तर बरोबर निघालेली आणखी तिकिटे असती, त्यांच्या गर्दीत हेही बसले असते, आणि ते वाचायची गरज बहुधा कुणालाच पडली नसती.