नर्सिंगला प्रवेश घेताय? आधी नोंदणीचे विचारा

बारावीचा निकाल लागला की तालुक्याच्या गावात फलक झळकतात : ‘नर्सिंग प्रवेश सुरू, शंभर टक्के नोकरीची हमी.’ फी आवाक्यातली वाटते, संस्था घराजवळ असते आणि मुलीला लवकर स्वतःच्या पायावर उभे राहायचे असते. ‘राष्ट्रीय मान्यता नाही, पण त्यामुळे काही अडत नाही,’ असे प्रवेश खिडकीवर सांगितले जाते. खरेच अडत नाही का?

याचे उत्तर नेमकी कोणती मान्यता नाही, यावर ठरते. भारतीय परिचर्या परिषद, म्हणजे आयएनसी, १९४७ च्या कायद्यानुसार अभ्यासक्रम आणि शिक्षणाचे निकष ठरवते. परिचारिकांची नोंदणी मात्र राज्याची परिषद करते. आपल्याकडे महाराष्ट्र परिचर्या परिषद. परीक्षा घेणारी संस्था आणखी वेगळी असते. बी.एस्सी. नर्सिंगची परीक्षा नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ घेते, तर जीएनएम आणि एएनएमची परीक्षा महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेते.

आयएनसीला पात्रतेला मान्यता देण्याचा अधिकार आहे, संस्थांना नाही, असा निर्णय कर्नाटक उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिला. त्यानंतर विद्यार्थ्यांमध्ये मोठा संभ्रम झाला. विद्यापीठ आणि राज्य परिषद यांची मान्यता असलेले, पण आयएनसीच्या यादीत नसलेले महाविद्यालय बोगस ठरत नाही. एम्सच्या नर्सिंग ऑफिसर भरतीतही आयएनसी किंवा राज्य परिषदेची मान्यता असलेल्या संस्थेतील पदवी चालते. नोंदणी मात्र अनिवार्य असते. तरीही शैक्षणिक कर्ज काढायचे असेल, परराज्यात किंवा परदेशात जायचे असेल, तर यादीत नाव आहे का, हा प्रश्न समोर येऊ शकतो. त्यामुळे अशा ठिकाणी प्रवेश घ्यायचा तर बँकेला आणि जिथे काम करायचे त्या राज्याच्या परिषदेला आधीच विचारलेले बरे.

राज्य परिषदेचीही मान्यता नसेल, तर गोष्टच वेगळी. तिथे शिकलेल्या मुलीची नोंदणी होत नाही, आणि नोंदणीशिवाय कायद्याच्या दृष्टीने ती परिचारिका नसते. सरकारी भरतीचा अर्ज तिला भरता येत नाही. खासगी रुग्णालयात काम मिळाले तरी पगार आणि पद मदतनिसाचेच राहते. पुढे मान्यताप्राप्त संस्थेत जायचे ठरवले, तर सहसा पहिल्या वर्षापासून सुरुवात करावी लागते. रुग्णसेवा सहायकाचे छोटे कौशल्य अभ्यासक्रम वेगळे. ते प्रामाणिक काम मिळवून देतात; फक्त त्यांना ‘नर्सिंग’ म्हणून विकले जाऊ नये.

मान्यता म्हणजे नुसता कागद, असे वाटणाऱ्यांनी एकदा रात्रपाळीचा वॉर्ड आठवावा. पोटॅशियम क्लोराइडचे इंजेक्शन सलाईनमध्ये मिसळून सावकाश द्यायचे असते; तेच थेट शिरेत गेले तर हृदय बंद पडू शकते. हे पुस्तकात एका ओळीत असते, पण हाताला वळण लागते ते खाटेशेजारीच. म्हणून बी.एस्सी. आणि जीएनएमसाठी १०० खाटांच्या रुग्णालयाची अट आहे आणि दर विद्यार्थिनीमागे तीन रुग्ण असावेत, असे निकष सांगतात. दोन खोल्यांत पुतळ्यावर शिकवणाऱ्या संस्थेचा तोटा फक्त मुलीला होत नाही, तो उद्याच्या रुग्णालाही होतो.

ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय परिचर्या व सुईण आयोगाचा कायदा मंजूर केला. १९४७ च्या कायद्याच्या जागी आणलेल्या या कायद्यात देशभराची एकच नोंदवही आणि संस्थांचे मूल्यमापन यांची तरतूद आहे. आज ज्यांना जुलैपर्यंत फी भरायची आहे, त्यांना मात्र स्वतःच चौकशी करावी लागेल.

पैसे भरण्यापूर्वी चार गोष्टी पाहाव्यात. अंतिम परीक्षा कोण घेते? चालू वर्षासाठी किती जागांची परवानगी आहे, आणि ती राज्य परिषदेच्या यादीशी जुळते का? प्रात्यक्षिक कोणत्या रुग्णालयात होते, तिथे खाटा किती आणि रुग्ण किती? आधीच्या तुकडीतील मुलींची नोंदणी झाली आहे का? त्यांपैकी एकीचे नोंदणी प्रमाणपत्र प्रत्यक्ष पाहावे. ‘मान्यता प्रस्तावित आहे’ याचा अर्थ आज मान्यता नाही, एवढाच घ्यावा. ‘आयएसओ प्रमाणित’ या शिक्क्याचा नोंदणीशी काही संबंध नाही.

उत्तरे लेखी मिळत नसतील, तर एक वर्ष थांबून पुन्हा प्रवेश परीक्षा देणे परवडते. थांबण्यात एक वर्ष जाते. चुकीच्या प्रवेशात तीन वर्षे, घरची बचत आणि कधी कधी आईचे मंगळसूत्रही जाते.